घरच्या संगणकांतील अनोळखी दप्तर

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं एखादा जुना संगणक कोपऱ्यांतील टेबलावर, जुन्या साडीच्या तुकड्याखालीं झांकलेला, उभा असेल. तो भंगारांत द्यावा तर धीर होत नाहीं. वापरावा तर तो धड चालत नाहीं. आणि त्याच्या पोटांत काय काय आहे, हें तर घरांतील कोणासच सांगतां येत नाहीं. असाच एक संगणक आमच्या धारूरच्या घरीं आहे. त्याची हकीकत या महिन्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. हकीकत घरची आहे, आणि तींत आमच्या शहाणपणापेक्षां आमचा उतावीळपणाच अधिक दिसणार आहे. तरी ती सांगण्याजोगी आहे असें आम्हांस वाटतें.

गेल्या कार्तिकांत आमच्या थोरल्या काकांचें वर्षश्राद्ध होतें. त्यासाठीं आम्ही सर्व मंडळी धारूरास जमलों. ज्यांनीं हें गांव पाहिलें नाहीं त्यांच्याकरितां दोन शब्द लिहितों. बीड जिल्ह्यांत बालाघाटाच्या डोंगरावर तें वसलें आहे. घाट चढून वर येतांना त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या टोपल्या मांडलेल्या दिसतात, आणि गांवांत आलें म्हणजे किल्ल्याचा तट. मोगलाईंत या गांवाला फत्तेहाबाद म्हणत. पुढें निजामाचें राज्य आलें, तें १९४८ च्या सप्टेंबरांत संपलें; १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. एवढ्या राजवटी पाहिलेल्या गांवांतील जुन्या घरीं कागदहि तितक्याच तऱ्हांचे असतात. आमच्या घरीं मोडींतील आहेत, उर्दूंतील आहेत, बाळबोधांतील आहेत. काकांचा जन्म १९३८ चा. मोडी त्यांस त्यांच्या वडिलांनीं घरींच गिरवून घेऊन शिकविली. उर्दू ते लहानपणीं शाळेंत शिकले. पुढें राज्य पालटलें आणि शाळेंतून उर्दू गेली, पण काकांच्या डोळ्यांतून ती गेली नाहीं. या तिन्ही लिपि वाचणारा आमच्या घरांतील शेवटचा माणूस म्हणजे तेच.

काका शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर कांहीं वर्षांनीं, २००५ सालीं, त्यांनीं आपल्या नातवंडांच्या वयाच्या मुलांशेजारीं बसून एम्. एस्. सी. आय्. टी.चा अभ्यासक्रम पुरा केला. नोकरीच्या आशेनें तो करणारी तरुण मंडळी त्या वर्गांत होती. सदुसष्टाव्या वर्षीं, कसल्याच आशेशिवाय, तो करणारे काका एकटेच. परीक्षेंत गुण किती पडले हें त्यांनीं आम्हांस कधीं सांगितलें नाहीं, परंतु प्रमाणपत्र मात्र देवघराच्या भिंतीवर लागलें. त्यानंतर संगणक आला. सकाळीं स्नान-पूजा आटोपली कीं काका त्याच्यासमोर बसत ते वीज जाईपर्यंत; आणि त्या काळीं भारनियमनामुळें ती नेमानें जात असे.

पुढें २०११ सालीं संगणक बिघडला. एका दुरुस्तीवाल्यानें तो नेला, त्यांत विंडोज नव्यानें घालून परत आणून दिला. त्यानंतर काका त्याच्यापुढें फारसे बसले नाहींत. ‘डोळे आतां साथ देत नाहींत’ असें ते म्हणत, आणि आम्हीं तें खरें धरून चाललों.

श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशीं आमच्या भाच्यानें तो संगणक उघडला. भाचा पुण्यास हिंजवडीच्या एका कचेरींत संगणकाचेंच काम करतो. त्यानें आंतील धूळ फुंकून काढली, स्मृतीची पट्टी काढून तिचे सोनेरी दांत खोडरबरानें पुसले (हा उपाय ऐकून आम्हांस हसूं आलें, पण तो लागू पडला), आणि यंत्र एकदांचें जागें झालें. मग तो फाइली पाहूं लागला. अर्ध्या तासानें म्हणाला, ‘मामा, हा सगळा कचरा आहे. एकहि अक्षर वाचतां येत नाहीं. पुसून साफ करूं आणि शाळेला देऊन टाकूं.’ आम्हीं एकदां पडद्याकडे पाहिलें, आणि ‘बरें’ म्हणालों. तें ‘बरें’ आज आठवलें कीं अंगावर कांटा येतो.

काकू दारांत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘अरे, ते रोज चार चार तास बसत होते. चार तास बसून कुणी कचरा लिहितं का?’

या प्रश्नाला उत्तर नव्हतें. भाच्यानें कळफलकावरून हात काढून घेतला. पुढें चार दिवस जें चाललें, त्यांत आम्ही पुष्कळ शिकलों. त्याचा पहिला दंडक असा होता, कीं कांहींहि पुसण्यापूर्वीं सगळ्याची नक्कल करून ठेवावयाची. त्यानें संगणकांतील तबकडी बाहेर काढली, अंबाजोगाईहून एक जोडतार मागविली, आणि आपल्या संगणकावर एकेक फाइल व्हायरसकरितां तपासून मग तिची नक्कल घेतली. मूळ तबकडी कागदांत गुंडाळून काकूंच्या कपाटांत गेली. मग निवडणें सुरू झालें. तांदूळ निवडतात तसेंच.

कांहीं फाइली संगणकाच्या स्वतःच्या असतात. ‘लपविलेल्या फाइली दाखव’ अशी आज्ञा विंडोजला दिली, कीं जिथें तिथें ‘डेस्कटॉप.आयएनआय’ आणि ‘थम्ब्ज.डीबी’ उगवतात, आणि मुळाशीं ‘पेजफाइल.सिस’ व ‘हायबरफिल.सिस’ या दोन अजस्र फाइली पहुडलेल्या दिसतात. पहिलींत एखादें फोल्डर कसें दिसावें याचें टिपण असतें. दुसरींत चित्रांचे लहान नमुने. तिसरी ही स्मृति अपुरी पडल्यास संगणकानें वापरावयाची पाटी. आणि चौथींत झोंपीं जाण्यापूर्वीं तो आपलें चालू काम लिहून ठेवतो. अनोळखी म्हणून यांस हात लावूं नये. यासंबंधीं एक जुनी फजिती सांगण्यासारखी आहे. २००१ सालीं ‘एसयूएलएफएनबीके.ईएक्सई’ या नांवाची फाइल म्हणजे भयंकर व्हायरस आहे, ती ताबडतोब पुसा आणि सर्व ओळखीच्यांना कळवा, अशीं पत्रें ई-मेलनें जगभर फिरलीं. ती फाइल विंडोजचीच होती. लांब नांवें दुरुस्त करण्याचें साधें काम ती करी. पुढच्याच वर्षीं तसेंच बालंट ‘जेडीबीजीएमजीआर.ईएक्सई’ या फाइलीवर आलें. तिचें चित्र एका लहानशा अस्वलाचें होतें, आणि तेंच तिच्या मुळावर आलें. विंडोजमध्यें अस्वल कशाला असेल असें लोकांस वाटलें. असंख्य सुशिक्षित माणसांनीं चांगल्या फाइली स्वतःच्या हातांनीं पुसल्या आणि तसें करण्याचा आग्रह मित्रांसहि केला. त्या पत्रांत व्हायरस नव्हताच. वाचणाऱ्याची भीति हाच त्यांतला व्हायरस.

दुसरा प्रकार आम्हांस अगदींच नवा होता. ‘फाउंड.०००’ या नांवाचें एक फोल्डर निघालें, आणि त्यांत ‘फाइल००००.सीएचके’, ‘फाइल०००१.सीएचके’ अशी ओळच्या ओळ. ही मुलें कोणाची? भाच्यानें सांगितलें, कीं लिहितां लिहितां वीज गेली म्हणजे फाइल अर्धवट राहते. तिचे तुकडे तबकडीवर राहतात, पण कोणता तुकडा कोणाचा याची नोंद पुसली जाते. पुन्हा वीज आल्यावर विंडोज तबकडी तपासतो, तेव्हां असे निर्नाव तुकडे गोळा करून या फोल्डरांत ठेवतो. म्हणजे हें धारूरच्या भारनियमनाचें दप्तरच म्हणावयाचें! त्यांतील पुष्कळसे निरुपयोगी होते. पण नांवाचें शेपूट बदलून ‘डॉक’ केल्यावर तीन तुकडे उघडले. त्यांतहि तोच न वाचतां येणारा मजकूर होता. त्यावेळीं आम्हांस त्याचें कांहीं वाटलें नाहीं. पुढें तेच तुकडे बहुमोल ठरले.

तिसरी जात परक्यांची. गांवांतील झेरॉक्सच्या दुकानांत पेन-ड्राइव्ह लावून आणला कीं त्याच्याबरोबर ‘न्यू फोल्डर.ईएक्सई’ हा पाहुणा घरीं येई. हा अनुभव त्या वर्षांत ज्यांच्या घरीं संगणक होता अशा पुष्कळांस असेल. त्याचें रूप फोल्डराचें, आंत मात्र चालणारी आज्ञावली. उघडावयास गेलें कीं ती चालूं लागे. विंडोज सामान्यतः फाइलीच्या नांवाचें शेपूट लपवितो, आणि या लबाडीचें सगळें भांडवल तेंच. मे २००० मध्यें फिलिपाइन्सहून निघालेलें ‘आय लव्ह यू’ हें प्रकरण असेंच होतें. पत्रासोबत एक प्रेमपत्र जोडलेलें दिसे. त्याच्या नांवाच्या शेवटीं साधा मजकूर दाखविणारें ‘टीएक्सटी’, आणि त्याच्यापुढें न दिसणारें ‘व्हीबीएस’. ज्यांनीं तें उघडलें त्यांच्या चित्रांच्या फाइली नासल्या, आणि पत्ते ठेवण्याच्या वहींतील प्रत्येकाला त्यांच्याच नांवानें तें प्रेमपत्र गेलें. २०२४ सालीं आपल्याकडे लग्नपत्रिकेचें सोंग घेतलेल्या ‘एपीके’ फाइली मोबाइलवर आल्या. त्या उघडून पाहणारांच्या मोबाइलचा ताबा चोरांकडे गेल्याच्या तक्रारी झाल्या. लग्नपत्रिका म्हटली कीं आपल्या घरांतून ती कोणाची हें पाहिल्यावांचून राहवत नाहीं, हें चोरांनीं बरोबर ओळखलें! म्हणून शेपटें दिसूं द्यावींत. विंडोजमध्यें तशी सोय आहे, ती एकदां करून ठेवली म्हणजे झालें. शिवाय नांवाबरोबर ठिकाणहि पाहावें. ‘एसव्हीसीहोस्ट.ईएक्सई’ ही विंडोजची खरी फाइल ‘सिस्टिम३२’ या फोल्डरांत नांदते. तीच आपल्या छायाचित्रांच्या फोल्डरांत दिसली तर ती तोतया समजावी.

अशा तोतयांस ओळखण्याच्या विद्येंत आपल्या महाराष्ट्रानेंहि नांव मिळविलें आहे. रहिमतपूरचे कैलास काटकर हे पुण्यास कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत असत. त्यांचे धाकटे बंधु संजय यांनीं व्हायरस शोधणारी आज्ञावली लिहिली, आणि त्या दुकानाची पुढें क्विक हील ही कंपनी झाली. एखाद्या फाइलीचा फारच संशय आला तर ‘व्हायरस टोटल’ या ठिकाणीं ती पाठवून अनेक तपासनिसांचें मत एकदम घेतां येतें. मात्र तेथें पाठविलेली फाइल त्या धंद्यांतील इतरांसहि पाहावयास मिळते, म्हणून घरचे कागद, मृत्युपत्रें, बँकेचे हिशेब तेथें पाठवूं नयेत.

परक्या फाइलीचें प्रकरण केवढें गंभीर होऊं शकतें, हें आपल्याच राज्यांतील एका खटल्यानें दाखविलें आहे. २०१८ सालच्या एल्गार परिषदेच्या प्रकरणांत आरोपींच्या संगणकांत सांपडलेल्या फाइली हा पुराव्याचा मोठा भाग होता. अमेरिकेंतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेनें बचावपक्षाच्या वतीनें तबकड्यांच्या नकला तपासल्या, आणि नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या व दुसऱ्या कांहींच्या संगणकांत त्या फाइली बाहेरून, मालकाच्या नकळत, ठेवल्या गेल्या असा अहवाल २०२१ सालीं दिला. तपास-यंत्रणेनें तो मानला नाहीं. खरें काय तें ठरविणें न्यायालयाचें काम आहे, आमचें नव्हे. परंतु आपल्या घरांतील यंत्रांत जें जें आहे तें आपणच ठेवलेलें असतें, अशी जी आपली समजूत असते ती बरोबर नाहीं, एवढें त्यावरून ध्यानांत घ्यावें. संशय खरा ठरला आणि पैशाची हानि झाली, तर घाईनें सर्व पुसून टाकूं नये. १९३० या क्रमांकावर कळवावें, कारण पुसलेल्या तबकडीवरून चोराचा माग लागत नाहीं.

हें सर्व बाजूला काढल्यावर जें उरलें, तें सुमारें दोनशें फाइलींचें दप्तर. हेंच भाच्याचा ‘कचरा’. उघडावी ती फाइल इंग्रजी अक्षरांचा, कंसांचा, टिंबांचा, डॉलरच्या चिन्हांचा चिवडा दाखवी. व्हायरस नाहीं, तुटलेली नाहीं, आणि तरी वाचतां येत नाहीं. असें तिसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत चाललें. मग भाचा एकाएकीं म्हणाला, ‘मामा, ही सुरेख कोण?’

पडद्याच्या वरच्या बाजूस, अक्षराच्या वळणाचें नांव दाखविणारी जी लहानशी चौकट असते, तींत ‘डीव्ही-टीटीसुरेख’ असें लिहिलें होतें. आम्हांस त्या क्षणीं उलगडा झाला. आम्हीं स्वतः तरुणपणीं छापखान्यांत त्या सुरेखशीं झटापट केली आहे.

ज्यांनीं छापखाना पाहिला आहे त्यांस हें सहज समजेल. खिळे जुळविणाऱ्यापुढें खणांची पेटी असते. कोणत्या खणांत कोणतें अक्षर हें त्याच्या हातास पाठ असतें. तो खणाकडे न पाहतां खिळे उचलतो. पहिल्या संगणकांत खण होते ते सगळे इंग्रजी अक्षरांचे. मराठी लिहिणारांस खण कोठून मिळणार? मग अशी युक्ति काढण्यांत आली, कीं इंग्रजी खणांतील खिळे काढून तेथें नागरी अक्षरांचे व त्यांच्या तुकड्यांचे खिळे भरावयाचे. एका खणांत अर्धा ‘क’, दुसऱ्यांत काना, तिसऱ्यांत रफार. संगणकास वाटे आपण इंग्रजीच लिहीत आहों; कागदावर मात्र मराठी उमटे. पुण्याच्या सी-डॅकची आय्. एस्. एम्., पुण्याचीच श्रीलिपि, बंगळूरची आकृति, या सर्वांनीं आपापल्या पेट्या अशाच भरल्या, आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. वर्षानुवर्षें आपलीं वर्तमानपत्रें, पुस्तकें, लग्नपत्रिका याच पेट्यांतून निघाल्या. दोष इतकाच, कीं पेटी हरवली म्हणजे खणांचे आंकडे उरतात आणि अक्षरें नाहींशीं होतात. २०११ सालीं दुरुस्तीवाल्यानें विंडोज नव्यानें घातली तेव्हां काकांच्या फाइली दुसऱ्या भागांत सुरक्षित राहिल्या. गेली ती पेटी, म्हणजे फाँट.

आतां ही अडचण नव्या लिखाणाला राहिली नाहीं. १९९१ सालीं निघालेल्या युनिकोडमध्यें नागरीसाठीं स्वतंत्र १२८ खण राखून ठेवले आहेत, आणि ‘क’ हा जगांतील कोणत्याहि यंत्रावर ‘क’च राहतो. पण काका आय्. एस्. एम्. शिकले होते, तेव्हां त्यांच्या गुरूनें त्यांस तेंच शिकविलें. त्यांस दोष काय द्यावा?

काकांच्या टेबलाच्या खणांत, टांचण्या आणि जुन्या चष्म्यांच्या सोबतींत, एक सीडी निघाली. तिच्यावर त्यांच्या वळणदार अक्षरांत ‘मराठी’ एवढेंच लिहिलेलें होतें. संगणकाचा सीडीचा खण उघडेना; समोरच्या बारीक भोंकांत टांचणी खुपसून तो उघडावा लागला. सुरेख आंत बसली. भाच्यानें पहिली फाइल पुन्हा उघडली, आणि त्या चिवड्याच्या जागीं, पानाच्या मध्यभागीं, ‘॥ श्री ॥’ उमटलें. त्याच्या खालीं ‘रुमाल पहिला’.

काकूंस हांक मारावी लागली नाहीं. त्या मागें उभ्याच होत्या.

काकांनीं सहा वर्षें आमच्या घरचें दप्तर बाळबोधांत उतरवून काढलें होतें. एकेक कागद घ्यावा, त्याची नक्कल करावी, खालीं टीप द्यावी, असा क्रम. टिपा शिक्षकाच्या होत्या: ‘हा कागद फसली १३३८ चा, म्हणजे इ. स. १९२८-२९.’ ‘मोमिनाबाद म्हणजे हल्लींचें अंबाजोगाई, मुलांना हें ठाऊक नसेल.’ ‘येथें उर्दू शब्द पुसट आहे; वडील सांगत त्यावरून भरला.’ आमच्या घरचे कागद म्हणजे कांहीं राजकारणाचे खलिते नव्हेत. शेतसाऱ्याच्या पावत्या, विहिरीच्या पाण्याच्या वाट्याचा तंटा, एका विधवा आत्यानें देवस्थानास दिलेलें दान. परंतु आम्हीं तेव्हांच माडीवर जाऊन मूळ रुमाल सोडून पाहिले, तों सातांपैकीं दोन वाळवीनें खाऊन टाकलेले. त्या दोन रुमालांतील कागदांची, त्या पाण्याच्या तंट्याच्या निवाड्यासह, या पृथ्वीवर आतां एकच प्रत आहे, आणि ती पुसण्यास आम्हीं ‘बरें’ म्हटलें होतें. निवाड्याचें शेवटचें पान मूळ फाइलींत नव्हतें. तें त्या ‘फाउंड.०००’च्या निर्नाव तुकड्यांत निघालें.

राजवाड्यांची आठवण अशा वेळीं आल्यावांचून राहत नाहीं. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापलीं, १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलें, आणि जन्मभर गांवोगांव हिंडून जुन्या घरांच्या माळ्यांवरून दप्तरें गोळा केलीं. रद्दींत गेलेल्या आणि वाळवीनें खाल्लेल्या कागदांच्या हकीकती शाळेंत ऐकून आम्ही त्या घरच्या मालकांस नांवें ठेवीत असूं. ते लोक कांहीं मूर्ख नव्हते. त्यांच्यापुढें एक गठ्ठा होता, तो त्यांस वाचतां येत नव्हता किंवा वाचण्याची गरज उरली नव्हती, आणि जागा हवी होती. आमची स्थिति याहून कोठें निराळी होती? अंबाजोगाईस दासोपंतांची पासोडी आहे, सुमारें चाळीस फूट लांबीचें कापड. सोळाव्या-सतराव्या शतकांतील त्या संतकवीनें त्यावर लिहिलेलीं अक्षरें आजहि डोळ्यांनीं वाचतां येतात. आमच्या काकांचें लिखाण पंधरा वर्षांत न वाचण्याजोगें झालें.

सर्वांत शेवटची फाइल निराळी होती. तिची तारीख संगणक दुरुस्त होऊन आल्यानंतरची. ती सुरेखमध्यें नव्हती. इंग्रजी अक्षरांनीं लिहिलेलें मराठी होतें, आणि दोनच ओळी: ‘सगळें गेलें. पुन्हा सुरू करणें आतां होणार नाहीं.’

काका तेव्हां त्र्याहत्तर वर्षांचे होते. यानंतर तेरा वर्षें ते त्याच खोलींत राहिले. डोळे साथ देत नाहींत असें आम्हांस सांगत राहिले. त्या दुरुस्तीवाल्यास एक प्रश्न विचारला असता, किंवा आमच्यापैकीं एकानें एकदां त्यांच्या शेजारीं बसून पाहिलें असतें, तर सीडी त्याच खणांत होती. यावर अधिक लिहिण्याची आमची तयारी नाहीं.

दुसरी एक गोष्ट मात्र लिहिली पाहिजे. ‘रुमाल’ अशा नांवाच्या फाइलींखेरीज एक फोल्डर होतें. त्याचें नांव नुसतें एका अक्षराचें. त्यांतील पहिली फाइल आम्हीं सहज उघडली. तीन ओळी वाचल्यावर ध्यानांत आलें, कीं हें काकूंस उद्देशून लिहिलेलें आहे. भाच्यानें ती ताबडतोब बंद केली. गेलेल्या माणसाची फाइल उघडतांना आपण त्याचें कपाट उघडीत आहों, हें पडद्यासमोर बसलें कीं विसरायला होतें. किल्ली नसते, दार करकरत नाहीं. आम्हीं काकूंस सांगितलें. त्या कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग भाच्याला म्हणाल्या, ‘तुम्ही कुणी वाचूं नका. मला मोठ्या अक्षरांत छापून दे.’

छपाई गांवांतील दुकानांत करावयाची तर पेन-ड्राइव्ह त्यांच्या संगणकाला लावावा लागतो, आणि फाइल तेथें मागें राहण्याचा संभव असतो. म्हणून भाच्यानें तें फोल्डर पुण्यास नेलें, सुरेखचा आकार वाढवून, मजकूर न वाचतां, घरच्या यंत्रावर छापलें, बावीस पानें मोजून पाकीट बंद केलें आणि स्पीड पोस्टानें धारूरास पाठविलें. नंतर त्या फोल्डराची त्याच्याकडील नक्कल त्यानें आमच्या देखत पुसली.

रुमालांचें काम आतां आमच्या सूनबाईंनीं अंगावर घेतलें आहे. सुरेखमधील मजकूर युनिकोडमध्यें पालटणाऱ्या आज्ञावल्या मिळतात, पण त्यांच्यावर सर्वस्वीं विसंबून चालत नाहीं. जुन्या पेटींत ऱ्हस्व वेलांटीचा खिळा अक्षराच्या आधीं बसविलेला असतो, युनिकोडमध्यें ती अक्षरानंतर येते; रफाराचेंहि तसेंच. त्यामुळें ‘वडिलार्जित’ हा शब्द यंत्रांतून बाहेर पडतो तेव्हां त्याच्या वेलांट्या भलत्याच ठिकाणीं असतात, आणि प्रत्येक ओळ मुळाशीं ताडून पाहावी लागते. सूनबाईंस मोडी येत नाहीं. वाळवींतून वांचलेल्या पांच रुमालांपाशीं अडलें म्हणजे त्या काकांच्या टिपेवर विश्वास ठेवून पुढें जातात. नक्कल तीन ठिकाणीं ठेवली आहे, आणि एक प्रत कागदावर.

पाकीट पोंचल्याचा काकूंचा फोन आला. ‘अक्षर चांगलं मोठं आहे, वाचतां येतं,’ एवढेंच त्या म्हणाल्या. आम्हीं पुढें विचारलें नाहीं. संगणक शाळेला द्यावयाचा कीं नाहीं, असें भाच्यानें विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, ‘दुसरा घेऊन द्या शाळेला, पैसे मी देते.’ तो अजून कोपऱ्यांतील टेबलावर आहे. सूनबाईंचें सध्यां रुमाल तिसरा, पान चाळीस चालू आहे.